काइली मिनोग: मालिकेतली मेकॅनिक पॉपस्टार कशी झाली?

२०२५ च्या डिसेंबरात ‘नेबर्स’ ही ऑस्ट्रेलियन मालिका बंद झाली. १९८५ पासून सुरू असलेली, नऊ हजारांहून जास्त भागांची. तिला निरोप देणाऱ्या लेखांमध्ये एक नाव हटकून होतं, काइली मिनोग. गंमत अशी की काइलीने या मालिकेत काम केलं ते जेमतेम दोन वर्षं. आपल्याकडच्या बऱ्याच जणांना ती आठवते ती २००९ च्या ‘ब्लू’ या हिंदी सिनेमातल्या ‘चिगी विगी’मुळे. रहमानचं संगीत, समोर अक्षय कुमार आणि मध्येच आलेली ही परदेशी पाहुणी. ती मुळात टीव्हीवरच्या रोजच्या मालिकेतली नटी होती हे सांगितलं तर लोक चमकतात.

बरं, ती एकटीच असती तर नशीब म्हणून सोडून देता आलं असतं. पण नॅटली इम्ब्रूलिया, हॉली व्हॅलन्स, डेल्टा गुडरेम या गायिकाही त्याच मालिकेतून आल्या. एकाच गल्लीतून इतक्या जणी निघाल्या तर ती गल्लीच जरा नीट बघायला हवी.

आधी मालिका

रोज किंवा आठवड्यातले पाच दिवस दाखवल्या जाणाऱ्या, न संपणाऱ्या कौटुंबिक मालिकेला ‘डेली सोप’ म्हणतात. आपल्याला त्याची ओळख करून देण्याची गरज नाही, संध्याकाळी सात ते साडेदहा आपण त्यातच असतो. ‘नेबर्स’ त्यातलीच, अर्ध्या तासाची, आठवड्याला पाच भाग. रेग वॉटसन यांनी ती रचली आणि ग्रंडी या कंपनीने काढली. वॉटसन हे ऑस्ट्रेलियन, पण त्याआधी इंग्लंडमध्ये अशाच मालिका करून आलेले.

कथा म्हणाल तर काहीच नाही. मेलबर्नचं एक काल्पनिक उपनगर, त्यातली रॅम्झी स्ट्रीट नावाची बंद गल्ली, चार-सहा घरं, आणि कोण कोणाशी बोलत नाही याचा हिशोब. घरांच्या बाहेरचं चित्रीकरण मेलबर्नच्या व्हरमाँट साउथ भागातल्या पिन ओक कोर्ट या खऱ्याखुऱ्या गल्लीत होई, आतलं सगळं स्टुडिओत. यात पैसा वाचतो. तेच सेट, तेच लोक, तेच अंगण.

पहिल्याच वर्षी सेव्हन या वाहिनीने मालिका बंद केली. नेटवर्क टेनने ती उचलली आणि १९८६ च्या जानेवारीपासून नव्याने दाखवायला सुरुवात केली. सिडनीत कोणी बघत नव्हतं, तेव्हा टेनच्या प्रसिद्धी विभागाने तरुण कलाकारांना तिथल्या शॉपिंग सेंटरांतून फिरवलं. पोरापोरींची झुंबड उडाली. मालिकेची कथा चांगली की वाईट हा प्रश्न तिथे कोणी विचारत नव्हतं. शाळा-कॉलेजच्या वयाचे प्रेक्षक आणि त्यांच्याच वयाची पात्रं हे जुळलं होतं.

चार्लीन खिडकीतून आत येते

काइलीचा जन्म मेलबर्नचा, १९६८ चा. लहानपणी ‘द सलिव्हन्स’, ‘स्कायवेज’ अशा मालिकांत छोटी कामं, मग १९८५ मध्ये ‘द हेंडरसन किड्स’. घरात त्या वेळी जास्त प्रसिद्ध होती ती तिची धाकटी बहीण डॅनी, कारण डॅनी ‘यंग टॅलेंट टाइम’ या मुलांच्या गाण्या-नाचाच्या कार्यक्रमात दर आठवड्याला दिसे. काइली म्हणजे ‘डॅनीची ताई’.

१९८६ च्या एप्रिलमध्ये ‘नेबर्स’मध्ये तिचा प्रवेश झाला. शेजारच्या घराच्या खिडकीतून कोणीतरी आत चढतंय हे बघून स्कॉट नावाचा मुलगा चोर समजून धावतो, त्या आकृतीला धरतो, आणि ती वळून त्याच्या तोंडावर ठोसा ठेवून देते. टोपी निघते तर कुरळ्या केसांची एक मुलगी. हीच चार्लीन. ती गाड्या दुरुस्त करायला शिकते, अंगात मळका डांगरी पोशाख, हातात पाना. आईशी भांडते, शाळा तिला नको असते, आणि ज्याला ठोसा मारला त्याच्याच प्रेमात पडते. काम मुळात मोजक्या भागांपुरतं होतं. ते वाढवत नेलं, कारण लोकांना ती आवडली.

स्कॉट आणि चार्लीनचं लग्न ऑस्ट्रेलियात १ जुलै १९८७ ला दाखवलं. दुसऱ्या वर्षी लोगी पुरस्कारांत, म्हणजे तिकडच्या टीव्हीच्या मानाच्या पुरस्कारांत, काइलीला एका रात्रीत चार बाहुल्या मिळाल्या. त्यातली एक सोन्याची, सर्वांत लोकप्रिय कलाकाराची. वय १९. हा पुरस्कार प्रेक्षकांच्या मतांवर ठरतो हे लक्षात ठेवायला हवं. जाणकारांनी तिच्या अभिनयाला दिलेली ती पावती नव्हती. ती लोकांच्या घरातली मुलगी झाली होती एवढाच त्याचा अर्थ, आणि पुढच्या गोष्टीसाठी तेवढाच पुरेसा होता.

नटीने गायचं कशाला?

हा प्रश्न आपल्याकडचा आहे. संगीत नाटकांच्या काळात आपल्याला तो पडला नसता. रंगमंचावर उभ्या राहिलेल्याने गायचं हे गृहीतच होतं. पार्श्वगायन रुळलं आणि चेहरा एकाचा, गळा दुसऱ्याचा ही वाटणी आपल्या अंगवळणी पडली. इंग्रजी पॉप संगीतात अशी वाटणी नाही. तिथे गाणं ज्याच्या नावावर विकायचं त्याचाच आवाज आणि त्याचाच चेहरा लागतो. त्यामुळे आधीच ओळखीचा झालेला चेहरा ही रेकॉर्ड कंपनीच्या दृष्टीने अर्धी झालेली कमाई असते.

काइलीच्या बाबतीत सुरुवात एका मदतनिधीच्या कार्यक्रमातून झाली. १९८६ मध्ये मेलबर्नच्या फिट्झरॉय फुटबॉल क्लबसाठी ‘नेबर्स’चे कलाकार मंचावर आले. तिथे तिने ‘द लोको-मोशन’ हे १९६२ चं जुनं अमेरिकन गाणं गायलं. कॅरोल किंग आणि जेरी गॉफिन यांचं, मूळ लिटल इव्हाने गायलेलं. टाळ्या पडल्या, मशरूम रेकॉर्ड्स या मेलबर्नच्याच कंपनीने करार केला, आणि तिची रेकॉर्ड बाजारात आली १९८७ च्या जुलैमध्ये. म्हणजे टीव्हीवर लग्न लागलं त्याच महिन्यात. सात आठवडे गाणं पहिल्या क्रमांकावर राहिलं आणि ऑस्ट्रेलियात त्या दशकातली सर्वाधिक खपलेली सिंगल ठरली. सिंगल म्हणजे एकाच गाण्याची सुटी रेकॉर्ड.

लग्न बघणारा आणि रेकॉर्ड घेणारा एकच माणूस होता. दुकानात जाऊन तो चार्लीन विकत घेत होता असं म्हटलं तरी चालेल.

खरा खेळ ब्रिटनमध्ये

ऑस्ट्रेलियात गाजलेलं सगळंच बाहेर चालत नाही. काइली त्या देशाबाहेर पडली ती ब्रिटनमधल्या वेळापत्रकामुळे, आणि हा भाग फारसा कोणी सांगत नाही.

१९८६ साली ब्रिटनमध्ये टीव्हीच्या वाहिन्या चार. दिवसा टीव्हीवर फारसं काही नसे. २७ ऑक्टोबर १९८६ ला बीबीसीने दिवसभराचं प्रसारण सुरू केलं आणि वेळ भरायला स्वस्तातला, तयार, भरपूर भागांचा माल हवा होता. ‘नेबर्स’ त्याच दिवशी तिथे लागली. सोमवार ते शुक्रवार, ठरलेल्या वेळी. ब्रिटनच्या स्वतःच्या मोठ्या मालिका, ‘कोरोनेशन स्ट्रीट’ आणि ‘ईस्टएंडर्स’, तेव्हा आठवड्यातून दोनदाच दिसत. रोज भेटणारी गल्ली ही तिकडच्या लोकांना नवलाईच होती. त्यात ऊन, अंगणं, पोहण्याचा तलाव, आणि बाहेर लंडनचा नोव्हेंबर.

दुपारच्या भागाचं पुनःप्रसारण आधी दुसऱ्या दिवशी सकाळी होई. शाळकरी मुलांना दोन्ही वेळा गैरसोयीच्या. बीबीसीतले तेव्हाचे मोठे अधिकारी मायकल ग्रेड यांना त्यांच्या शाळेत जाणाऱ्या मुलीनेच हे सुनावलं, असं तिकडे सांगतात. खरं-खोटं काही असो, १९८८ च्या जानेवारीपासून पुनःप्रसारण संध्याकाळी ५ वाजून ३५ मिनिटांवर आलं. मुलं शाळेतून घरी, आई स्वयंपाकघरात, बाबा वाटेवर. आकडे दुप्पट-तिप्पट चढले.

आता दुसरी मेख. ब्रिटनमध्ये भाग बरेच उशिरा दाखवले जात. ऑस्ट्रेलियात जुलै १९८७ मध्ये झालेलं लग्न ब्रिटनने पाहिलं ८ नोव्हेंबर १९८८ ला, सोळा महिन्यांनी. त्या दिवशी १ कोटी ९६ लाख लोक टीव्हीसमोर होते, ब्रिटनमधल्या साधारण दर तिघांतला एक. आणि तोवर काइलीने मालिका सोडूनही दिली होती! तिने पूर्णवेळ गायचं ठरवलं तेव्हा चार्लीन ब्रिटनच्या पडद्यावर अजून लग्नाच्या आधीची होती. कलाकार बाहेर पडला तरी पात्र वर्षभर रोज त्याची जाहिरात करत राहिलं, तीही बीबीसीवर, जिथे जाहिरातीला जागाच नसते. कोणत्याही रेकॉर्ड कंपनीला पैसे मोजून हे मिळालं नसतं.

गाण्याची बाजू सांभाळली लंडनच्या तिघांनी, माइक स्टॉक, मॅट एटकिन आणि पीट वॉटरमन. गाणी ठरावीक साच्यात, झटपट आणि ढिगाने काढण्याबद्दल हे प्रसिद्ध होते. काइली लंडनला येऊन थांबली होती, परतीचं विमान त्याच दिवशीचं, आणि ती येणार आहे हे वॉटरमन बाकीच्यांना सांगायलाच विसरले. ती बाहेर बसलेली असताना तासाभराच्या आत गाणं लिहिलं गेलं, ओळ-ओळ शिकवून आवाज घेतला आणि तिला विमानतळावर सोडलं. ते गाणं ‘आय शुड बी सो लकी’. १९८८ च्या सुरुवातीला ते ब्रिटनमध्ये पाच आठवडे पहिलं होतं. तारखा बघा, संध्याकाळची वेळ नुकतीच मिळाली होती. त्याच वर्षी तिचा पहिला अल्बम ब्रिटनमध्ये सर्वाधिक खपला. आणि लग्न दाखवलं त्याच नोव्हेंबरात स्कॉटचं काम करणाऱ्या जेसन डोनोव्हनबरोबरचं तिचं युगुलगीत दुकानात होतं.

रोज दिसण्यात असं काय असतं?

डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड व्होल या दोन अभ्यासकांनी १९५६ मध्ये टीव्हीच्या प्रेक्षकांबद्दल एक निरीक्षण मांडलं. पडद्यावर नेहमी दिसणाऱ्या माणसाशी आपला खरोखरीचा परिचय आहे असं प्रेक्षकाला वाटू लागतं. त्या माणसाला अर्थातच आपण कोण हे माहीत नसतं. या एकतर्फी ओळखीला त्यांनी ‘पॅरासोशल’ नातं म्हटलं. सिनेमातला नट वर्षातून एकदा तीन तास भेटतो, आणि तोही राजा, पोलीस, गुंड होऊन. मालिकेतली मुलगी रोज भेटते, तीच, त्याच स्वयंपाकघरात. तिच्या परीक्षेची काळजी लागते.

कोपऱ्यावरचा किराणावाला अनोळखी माणसाला उधार देत नाही, पण रोज येणाऱ्याचं नाव वहीत लिहून घेतो. मालिकेने काइलीला असं खातं उघडून दिलं. पहिलं गाणं लोकांनी त्या खात्यावर घेतलं. फक्त उधारी कधीतरी फेडावी लागते.

म्हणजे तिला गाता येत नव्हतं?

हा आक्षेप तेव्हापासूनचा आहे. तिकडच्या पत्रकारांनी तिला ‘गाणारी बडजी’ असं नाव ठेवलं होतं. बडजी म्हणजे पिंजऱ्यात पाळतात तो छोटा ऑस्ट्रेलियन पोपट. शिकवलेलं बोलणारा, असा टोमणा. पहिल्या अल्बमचा आवाज आज ऐकला तर पातळ आणि एकसुरी वाटतो, मला तरी वाटतो. साचा तिघांचा होता, तिने तो भरला.

पण टीकाकार एक गोष्ट विसरले. मालिकेत काम करणं ही शिस्तच वेगळी. पहाटे उठायचं, रात्री पाठ केलेली पानं एक-दोन टेकमध्ये उरकायची, चूक झाली तरी पुढे जायचं, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. कॅमेऱ्यापुढे अवघडलेपण उरतच नाही. पॉपच्या धंद्यात, जिथे व्हिडिओ, मुलाखती आणि प्रवास गाण्याइतकेच महत्त्वाचे, तिथे अशी तयार मुलगी मिळणं सोपं नव्हतं. आवाज पुढे कमावला गेला. १९९२ मध्ये ती त्या तिघांपासून वेगळी झाली. १९९५ मध्ये निक केव्हसारख्या काळोख्या गाण्यांच्या गायकाबरोबर तिने खून झालेल्या मुलीचं गाणं गायलं, तेव्हा अनेकांनी कान टवकारले. मधली काही वर्षं पडतीची गेली. २००१ मध्ये ‘कान्ट गेट यू आउट ऑफ माय हेड’ आलं आणि जगभर वाजलं. ते ऐकणाऱ्या बऱ्याच देशांत चार्लीन कोण हे कोणाच्या गावी नव्हतं. उधारी तिथे फिटली, असं मी मानतो.

मग मालिकेतले सगळेच का गाजले नाहीत?

प्रयत्न बहुतेकांनी केला. पॉल रॉबिन्सनचं काम करणाऱ्या स्टीफन डेनिसने १९८९ मध्ये गाणं काढलं, ते पहिल्या विसांत शिरलं आणि विषय संपला. क्रेग मॅकलाकलनचं ‘मोना’ ब्रिटनमध्ये दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं, पुढे फार काही नाही. जेसन डोनोव्हनचा १९८९ चा अल्बम त्या वर्षी ब्रिटनमध्ये सर्वाधिक खपला होता, काइलीच्या बरोबरीची झेप. पण तो लवकरच संगीतनाट्याकडे वळला आणि तिथेच रमला. पहिलं गाणं मालिका खपवते. चौथं खपवत नाही.

नॅटली इम्ब्रूलियाने वेगळा मार्ग धरला. १९९४ मध्ये मालिका सोडून ती तीन वर्षं जवळजवळ दिसलीच नाही आणि १९९७ मध्ये ‘टॉर्न’ घेऊन आली, तेही दुसऱ्यांनी आधी गायलेलं गाणं. ओळखीचा चेहरा थोडा विसरला जाऊ दिला, म्हणून गाणं गाणं म्हणून ऐकलं गेलं. २००२ मध्ये हॉली व्हॅलन्सने तुर्की गायक तारकानच्या गाण्याची इंग्रजी आवृत्ती गाऊन ब्रिटनमध्ये पहिला क्रमांक पटकावला, पण ती कारकीर्द छोटीच राहिली.

डेल्टा गुडरेमच्या वेळेपर्यंत यंत्रणा शहाणी झाली होती. तिचा रेकॉर्ड कंपनीशी करार आधी, वयाच्या पंधराव्या वर्षी. मालिकेत आली २००२ मध्ये, आणि पात्र कोणतं, तर गाणी लिहिणारी लाजरी मुलगी नीना. म्हणजे कथेतच गाणं वाजणार आणि दुकानातही तेच मिळणार. २००३ चा तिचा ‘इनोसंट आइज’ ऑस्ट्रेलियात २९ आठवडे पहिला होता. त्याच वर्षी, अठराव्या वर्षी, तिला हॉजकिन्स लिम्फोमा हा कर्करोग झाल्याचं निदान झालं आणि सगळं थांबलं. ती बरी झाली, परत गाऊ लागली.

काइली टीव्हीकडे परतली का?

परतली, पण पाहुणी म्हणून, आणि दर वेळी आपल्या अटींवर. २००७ च्या नाताळला ‘डॉक्टर हू’च्या खास भागात ती होती, तो १ कोटी ३० लाखांवर लोकांनी पाहिला. २०१४ मध्ये ‘द व्हॉइस’ या गाण्याच्या स्पर्धेत ब्रिटन आणि ऑस्ट्रेलिया दोन्हीकडे ती परीक्षकाच्या लाल खुर्चीत बसली. अशा खुर्चीचा फायदा साधा असतो. जिची गाणी पालकांनी ऐकली, ती मुलांना आठवड्याला एकदा घरात दिसते.

टीव्हीने दिलेल्या ओळखीचा जोर गाण्याबाहेर किती जातो हे २००५ मध्ये दिसलं. तिला स्तनाचा कर्करोग असल्याची बातमी आली आणि ऑस्ट्रेलियाच्या काही राज्यांत स्तनांच्या क्ष-किरण तपासणीसाठी नावं नोंदवणाऱ्या बायकांची संख्या त्या पंधरवड्यात ४० टक्क्यांनी वाढली. तिकडच्या वैद्यकीय नियतकालिकात हा आकडा छापून आला. सरकारी पत्रकांनी इतक्या झटपट हे झालं नसतं. ‘आपल्या चार्लीनला झाला’ ही भावना त्यात नव्हती असं कोण म्हणेल?

आता पुन्हा असं घडेल?

त्याच पद्धतीने, नाही. चार वाहिन्या, एक ठरलेली संध्याकाळ, सगळी शाळा एकच भाग बघून दुसऱ्या दिवशी बोलतेय, आणि रेकॉर्ड मिळायला दुकानात जावं लागतंय, हे सगळं एकत्र पुन्हा येणं नाही. शिवाय मालिकेचा खर्च शेवटी ब्रिटनच्या पैशावर चालला होता. तिथल्या चॅनल फाइव्हने २०२२ मध्ये हात आखडता घेतला आणि मालिका संपली. त्या समारोपाच्या भागात काइली आणि जेसन जोडीने येऊन गेले. मग ॲमेझॉनने तिला उठवून बसवलं आणि २०२५ मध्ये पुन्हा निजवलं.

आज ओळख तयार करण्याचं काम गाण्याच्या स्पर्धा आणि मोबाइल करतात. आपल्याकडे तर प्रवाह आधीपासूनच उलटा वाहतो. आर्या आंबेकर ‘लिटल चॅम्प्स’मध्ये लहानपणी गाताना घराघरांत पोचली आणि मोठी झाल्यावर सिनेमात नायिका झाली. रोजचा नेम तोच, फक्त आधी गळा आणि मग चेहरा.

आणि ज्या सेव्हन वाहिनीने १९८५ मध्ये ‘नेबर्स’ काढून टाकली होती तिचं काय? टेनवर ती तुफान चाललेली बघून सेव्हनने १९८८ च्या जानेवारीत समुद्रकाठच्या गावातली स्वतःची मालिका काढली, ‘होम अँड अवे’. डॅनी मिनोग त्यात होती, आणि तीही पुढे पॉप गायिका झाली. काढून टाकलेली मालिका चाळीस वर्षांनी बंद पडली; तिला उत्तर म्हणून काढलेली सिडनीत अजून चालू आहे.